'नन' आणि 'नायदर' यांच्यापुढे क्रियापद कोणत्या वचनाचे?

प्रश्न : मी दहावीच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवते. एका विद्यार्थिनीने 'नन ऑफ द ऑरेंजेस आर स्वीट' असे लिहिले. 'नन' एकवचनी असल्याने 'इज' हवे, असे मानून मी अर्धा गुण कापला. तिच्या पालकांनी मात्र इंग्रजी वर्तमानपत्रांतील 'आर'ची अनेक वाक्ये दाखवली. योग्य काय? 'नायदर' आणि 'नोबडी' यांचे काय?
– एक शिक्षिका, महाल, नागपूर

उत्तर : विद्यार्थिनीचे वाक्य निर्दोष आहे, तिचा अर्धा गुण तिला परत मिळावा. 'नन' म्हणजे 'एकही नाही', म्हणून ते एकवचनीच, हा नियम शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जात असला, तरी इंग्रजी लेखकांनी तो कधीच सरसकट पाळलेला नाही. 1611 सालच्या बायबलच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरातही 'नन ऑफ दीज थिंग्ज मूव्ह मी' असे अनेकवचनी क्रियापद आहे. आपणही 'एकही संत्रे गोड नाही' आणि 'कोणतीच संत्री गोड नाहीत' ही दोन्ही वाक्ये सहज बोलतो. एकेका फळावर भर असेल तर 'इज', सगळ्या फळांविषयी मिळून बोलायचे असेल तर 'आर'. न मोजता येणाऱ्या वस्तूंबाबत मात्र ही मोकळीक नाही : 'नन ऑफ द ज्यूस इज लेफ्ट' हेच बरोबर.

'नायदर' दोघांपुरते असते. 'नायदर ऑफ द ट्रेन्स इज लेट' हे औपचारिक लेखनातले रूप. बोलताना 'आर' सर्रास ऐकू येते, पण उत्तरपत्रिकेत एकवचनच लिहावे, असे मी सुचवेन. 'नायदर' आणि 'नॉर' अशी जोडी आली, की क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालते. 'नायदर द प्रिन्सिपल नॉर द टीचर्स वेअर प्रेझेंट' हे बरोबर. कर्त्यांचा क्रम उलटला तर तेथे 'वॉज' येईल. तसे वाक्य कानाला खटकते, म्हणून अनेकवचनी कर्ता शेवटी ठेवण्याची सवय मुलांना लावावी.

'नोबडी' आणि 'नो वन' यांच्यापुढे क्रियापद नेहमी एकवचनी असते, यात वाद नाही. गफलत होते ती पुढच्या सर्वनामात. 'नोबडी हॅज कम, हॅव दे?' या वाक्यात आधी 'हॅज' आणि नंतर 'हॅव दे' पाहून मुले गोंधळतात. परंतु 'नोबडी'साठी 'दे' हेच सर्वनाम रूढ आहे आणि मूळ वाक्य नकारार्थी असल्याने शेवटचा प्रश्न होकारार्थी येतो. 'टॅग क्वेश्चन' शिकवताना याचा सराव अवश्य घ्यावा, कारण मराठीत त्याला समांतर रचना नाही.

नुसत्या 'नो'नंतर दोन्ही वचने चालतात. एरवी ती वस्तू एकच असते की अनेक, एवढे पाहावे : 'द बॉय हॅज नो फादर', पण 'द रूम हॅज नो विंडोज'. 'झिरो'नंतर मात्र मोजता येणारे नाम अनेकवचनीच येते : 'झिरो मार्क्स', 'झिरो डिग्रीज'. आपल्या शहरातील 'झिरो माइल' हे त्या स्तंभाचे नाव असल्यामुळे तेथे एकवचन शोभते. अंतर सांगायचे झाल्यास 'झिरो माइल्स' असेच लिहावे लागेल.