मुरमावरची रात्र

सोलापूर

पोरी,

फेब्रुवारीत आफ्रिकेतल्या किलिमांजारोवर चढायला जायचं ठरवलंस आणि दुसऱ्या दिवशी जिम लावलीस, असं तुझ्या आईकडून कळलं. जिमनं काही बिघडणार नाही. पण तिथं माणसाला मांड्या दगा देत नाहीत, हवा देते.

आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटरवर. किलिमांजारोचं सगळ्यात उंच टोक, उहुरू शिखर, ५,८९५ मीटरवर, तिथं हवेचा दाब इथल्या निम्मा. छातीभर श्वास घेतलास तरी प्राणवायू निम्माच. याची सवय इथले जिने चढून होत नाही, वर मुक्काम करत करतच होते. म्हणून पहिलं सांगणं पैशाचं: पाच-सहा दिवसांची स्वस्त सहल नको, आठ दिवसांची लेमोशो वाट घे. त्या वाटेवर लाव्हा टॉवरपाशी साधारण ४,६०० मीटरपर्यंत चढवतात आणि झोपायला पुन्हा ३,९०० च्या आसपास बरांकोला उतरवतात. चढलेलं वाया गेलं म्हणून बरोबरचे कुरकुरतील. तू गप्प राहा, अख्ख्या सहलीत तो दिवस सगळ्यात कामाचा.

मी गेलो तेव्हा दिवस वाचवले होते. शिखराखालच्या बराफूच्या तळावरून रात्री अकराला निघालो. चढ सगळा मुरमाचा, आपल्याकडे रस्त्यावर टाकतात तसला. पाय टाकला की घसरून मागं. पाण्याची नळी गोठली. डोकं ठणकत होतं, ते मी गाईडपासून लपवलं. पैसे भरलेत ना! साडेपाच हजार मीटरच्या आसपास उलटी झाली आणि पावलं वाकडी पडायला लागली. गाईडनं काही न विचारता दंड धरून खाली वळवलं. त्याच्यावर चिडलोसुद्धा. तोल जाणं ही मेंदूला सूज येत असल्याची खूण असते आणि त्यावर पहिला उपाय खाली उतरणं, हे नंतर कळलं. डोकं दुखलं की लगेच सांगायचं. तिथं मर्दानी-झाशीची-राणी काही नाही.

डायमॉक्स म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी. तिचं तुझ्या डॉक्टरला विचार, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांग. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं. आणि गोळी घेतली म्हणून भराभर चढायची मुभा मिळत नाही.

गाईड सारखं ‘पोले पोले’ म्हणतील. स्वाहिलीत त्याचा अर्थ हळू हळू. तू पालखीत चालली आहेस, तिथल्या म्हाताऱ्या आठव: तोंडात अभंग, आणि दम लागलेला नाही. चालताना अभंगाचं एक कडवं सलग म्हणता आलं नाही, तर वेग जास्त आहे.

वर भूक मरते. गोड नको वाटतं. मला शेंगाचटणी आणि कडक भाकरीनं तारलं. चटणी डब्यात ने, टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. हमालाच्या पाठीवर २० किलोच्या वर ओझं नको असा तिथला नियम आहे, तेव्हा चार स्वेटर जास्तीचे भरू नकोस.

किलिमांजारो हा ज्वालामुखी. गंमत म्हणजे तू ज्वालामुखीच्या दगडावरच वाढलीस. आपली काळी जमीन ज्या बेसाल्टची झीज होऊन झाली, तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून आला आणि पातळ असल्यानं लांबवर पसरला. म्हणून इथं सपाटी. तिकडं तो तोंडाभोवती थरावर थर साचत गेला.

तर, बूट या आठवड्यातच घे. नवे बूट घालून विमानात बसलेल्यांचे फोड मी पाहिलेत. रविवारी पहाटे साडेपाचला सिद्धेश्वर तळ्यापाशी ये, तेच बूट घालून. पाठीवर पाच किलो ज्वारी घे. कडवं मी सांगेन ते म्हणायचं.

तुझा,
काका