वाचक विचारतात : खुर्ची हुकली ती का?

प्रश्न : कायो कोख-वेझर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे प्रमुख होता होता का राहिले? (एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : कोख-वेझर या जर्मन अधिकाऱ्याचा अनुभव कमी नव्हता. जागतिक बँकेत पंचवीसेक वर्षे, शेवटी व्यवस्थापकीय संचालक. १९९९ पासून जर्मन अर्थमंत्रालयात राज्यसचिव, म्हणजे मंत्र्याखालचे वरिष्ठ पद. नाणेनिधीचे प्रमुखपद युरोपकडे, जागतिक बँकेचे अमेरिकेकडे, हा अलिखित रिवाज. २००० मध्ये जर्मनीने त्यांचे नाव पुढे केले, पण अमेरिकेने नकार दिला. नाणेनिधीत मते देशाच्या कोट्यावर, म्हणजे निधीतील आर्थिक वाट्यावर, ठरतात आणि अमेरिकेचा वाटा सर्वांत मोठा. तिला डावलून प्रमुख नेमणे व्यवहारात अवघडच. जर्मनीने मग होर्स्ट क्योलर यांना पुढे केले. ते तेव्हा लंडनच्या युरोपीय पुनर्रचना व विकास बँकेचे अध्यक्ष होते. पुढे २००४ मध्ये जर्मनीचे राष्ट्राध्यक्षही झाले. कोख-वेझर नंतर डॉइश बँकेत गेले.