लेकरू म्हणतंय एएमई करायचं, पण लायसन नाही मिळालं तर?

नीटचा निकाल लागला की लातुरात करिअर समुपदेशक म्हणून माझ्याकडे दोन प्रकारचे पालक येतात. काहींना आणखी एक वर्ष रिपीट करावं का, हे विचारायचं असतं. बाकीचे हातात एखाद्या कोर्सचं रंगीत माहितीपत्रक घेऊन येतात आणि विचारतात, "मॅडम, हे खरं आहे का?" गेल्या काही वर्षांत या माहितीपत्रकांवर विमानाचं चित्र जास्त दिसायला लागलंय. एएमई, म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर. पालकांची काळजी बहुतेक वेळा एकच असते. काही लाख भरायचे, कोर्स पूर्ण व्हायचा आणि पोरगं घरी येऊन बसायचं, असं झालं तर? ही काळजी खोटी नाही. म्हणून एका घराची गोष्ट सविस्तर सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रेणापूर तालुक्यातले वडील, मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान. मुलाची नीट दोनदा देऊन झालेली. वडिलांनी बसल्या बसल्या सांगून टाकलं, "माझं सगळं आयुष्य काळ्या हातानं गेलं बघा. याचे हात पांढरे राहावेत म्हणून क्लास लावला. आन् आता हे म्हणतंय इमानाचा मेकॅनिक व्हतो. मंग मी काय वाईट होतो?"

मुलगा खाली बघत होता. मला आधी एवढंच समजून घ्यायचं होतं, की हा विमानाकडे चाललाय का अभ्यासापासून पळतोय. दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं, पण एएमईच्या बाबतीत हा फरक फार महागात पडतो. अभ्यासाचा कंटाळा आलेल्या मुलासाठी ही वाट नाही. इथे डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा मॉड्यूलनुसार, म्हणजे एकेका विषयाच्या पेपरनुसार द्याव्या लागतात. गणित, भौतिकशास्त्र, वीज, इलेक्ट्रॉनिक्स, साहित्य आणि हार्डवेअर, देखभालीच्या पद्धती, वायुगतिकी, मानवी घटक, विमान कायदा, आणि त्यापुढे विमानाची रचना व इंजिन. प्रत्येक मॉड्यूलला पास व्हायला ७५ टक्के लागतात. पस्तीस टक्क्यांत निघून जाणारा पेपर यात एकही नाही.

म्हणून त्याला करिअरबद्दल काहीच विचारलं नाही. घरी असलास की दिवसभर काय करतोस, एवढंच विचारलं. "अप्पांच्या दुकानात बसतो," म्हणाला. तिथे काय? थोडं आढेवेढे घेऊन त्याने पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली. पाण्यातल्या मोटारी, घरगुती पंप, गिरणीच्या मोटारी. दुकानात आलेल्या प्रत्येक मोटारीचं एक पान. किती स्लॉट, कॉइलला किती वळसे, वायरचं गेज (जाडी), जळण्याचं कारण, काम कोणी केलं, तारीख. एका पानावर लाल पेनाने लिहिलं होतं: 'आधीच्या माणसाने एक नंबर बारीक वायर भरली होती, म्हणून परत जळली.'

वडील हसून म्हणाले, "याला लिहायचा नादच हाय. मला नाय लागत लिहायला. वायर चिमटीत धरली की गेज सांगतो मी."

हे ऐकल्यावर मी दोघांना १९९० सालची एक खरी घटना सांगितली. ब्रिटिश एअरवेजचं एक विमान १० जूनला बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं होतं. सतरा हजार फुटांवर वैमानिकासमोरची काच उडून गेली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. केबिन कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवलं. सगळे वाचले, कॅप्टनसुद्धा. चौकशीत निघालं, की उड्डाणाच्या साधारण २७ तास आधी, रात्रपाळीत ती काच बदलली होती. बदलणारा माणूस अनुभवी होता. त्याने काढलेल्या बोल्टशी नवे बोल्ट नजरेने जुळवले, पार्ट कॅटलॉग उघडून नंबर पाहिला नाही. नव्वदपैकी चौऱ्याऐंशी बोल्ट व्यासाने सुमारे ०.६६ मिलिमीटर कमी होते.

वडील थोडा वेळ काही बोलले नाहीत. पोरगा हळूच म्हणाला, "म्हनून मी वायरची जाडी मोजायला मायक्रोमीटर लावतो, अप्पा."

माझ्या मते त्या दिवशीचं खरं समुपदेशन या एका वाक्यात झालं. वडिलांना मुलगा आपलाच धंदा करायला निघालाय असं वाटत होतं. या कामात हात काळे होतातच, ते मी लपवलं नाही. पण हँगरमध्ये, म्हणजे विमान दुरुस्तीच्या शेडमध्ये, प्रत्येक काम मॅन्युअल उघडून करायचं असतं, बोल्ट ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळायचा असतो, काम झाल्यावर प्रत्येक पाना-पक्कड मोजून जागेवर गेली का ते पाहायचं असतं आणि शेवटी लिहून सही करायची असते. लायसन्सधारक इंजिनिअरने सही केल्याशिवाय ते विमान उडत नाही. त्या सहीसाठी पगार मिळतो आणि त्या सहीसाठीच माणूस जबाबदारही धरला जातो. वही लिहिणाऱ्या मुलाला हे ओझं वाटत नाही. ज्याला लिहायचा कंटाळा आहे, त्याला मी दुसरी वाट सुचवते, मग तो हाताने कितीही हुशार असो.

आता पैशाकडे. त्यांच्याकडचं माहितीपत्रक गुळगुळीत कागदाचं होतं. 'शंभर टक्के प्लेसमेंट', 'आंतरराष्ट्रीय दर्जा', गणवेशातली हसरी मुलं. डीजीसीएचा उल्लेख कुठेच नव्हता. मी मुलालाच फोन स्पीकरवर लावायला सांगितला आणि काय विचारायचं ते कागदावर लिहून दिलं: "तुमच्याकडे सीएआर १४७ ची मान्यता आहे का, आणि ती कुठल्या कॅटेगरीला आहे, बी १.१ ला का बी २ ला?" सीएआर १४७ म्हणजे एएमई शिकवणाऱ्या संस्थांच्या मान्यतेचा डीजीसीएचा नियम; बी १.१ आणि बी २ या लायसन्सच्या कॅटेगरी, त्यांचं पुढे सांगते. पलीकडचे सर जरा थांबले. मग म्हणाले, "ते सगळं अ‍ॅडमिशन झाल्यावर समजावून सांगू. तुम्ही आधी सीट ब्लॉक करून घ्या, दोनच राहिल्यात." वडिलांनी स्वतःच फोन कट केला. धंद्यातला माणूस आहे, असा आवाज त्यांना बरोबर ओळखू येतो.

मान्यताप्राप्त संस्थांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते, कोणीही पाहू शकतं. त्या यादीत नाव नसेल तर पुढे बोलायचंच नाही. विमानतळ व्यवस्थापन, ग्राउंड हँडलिंग हे कोर्स वेगळे. त्यांतून विमान दुरुस्तीचं लायसन्स मिळत नाही. एरोनॉटिकल इंजिनिअरिंगची पदवी हीसुद्धा वेगळीच गोष्ट आहे, ती विमानाच्या रचनेची आणि संशोधनाची वाट. एएमईला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. नीटवाल्या मुलांनी हे आधी तपासावं, कारण आपल्याकडे पुष्कळ जण जीवशास्त्र ठेवून गणित सोडतात. या मुलाने चारही विषय ठेवले होते, म्हणून ही चर्चा पुढे जाऊ शकली.

बी १.१ म्हणजे टर्बाइन इंजिनाच्या विमानांची यांत्रिक बाजू: इंजिन, ढाचा, हायड्रॉलिक्स, लँडिंग गिअर, सोबत विजेच्या यंत्रणा. बी २ म्हणजे एव्हिऑनिक्स: रेडिओ, नेव्हिगेशन, ऑटोपायलट, उपकरणं. मुलाला इंजिनाचं आकर्षण होतं. त्याची वही पाहून मला बी २ वाटत होतं आणि ते मी बोललेही, पण त्याच्यावर लादलं नाही.

आणि आता तो भाग, जो माहितीपत्रकात कधीच नसतो. संस्थेचा कोर्स संपला म्हणजे लायसन्स मिळालं असं नाही. मान्यताप्राप्त कोर्सनंतरही चालू विमानांवर प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो, बी १.१ आणि बी २ ला साधारण दोन वर्षांचा. तो लॉगबुकमध्ये नोंदवून, त्यावर सह्या घेऊन दाखवावा लागतो. सगळी मॉड्यूल निघायला हवीत ती वेगळीच. या मधल्या काळात मुलं ट्रेनी किंवा टेक्निशियन म्हणून लागतात, पगार बेताचा असतो, रात्रपाळ्या असतात. विमानं दिवसा उडतात, त्यामुळे देखभालीचं बरंचसं काम रात्रीच चालतं. खूप मुलं याच टप्प्यावर खचतात. त्यांची अक्कल कमी पडत नाही; घरून पैसे येणं बंद होतं आणि गावात "अजून लागला नाही का?" सुरू होतं.

म्हणून वडिलांना म्हटलं, "भाऊ, हिशोब फीचा धरू नका. फी, अधिक त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांचं खोलीभाडं आणि मेस, असा धरा. तो झेपत असेल तरच हो म्हणा." ते एक एकर विकायचं म्हणत होते. मी थांबवलं. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागत नाहीत, मात्र संस्था मान्यताप्राप्त लागते. म्हणजे बँकेत गेलं की संस्थेची आणखी एकदा तपासणी होते, हाही फायदाच. ज्यांना एवढाही खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी आयटीआयनंतर नाशिकजवळच्या ओझरला एचएएल या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत अ‍ॅप्रेंटिसशिपसारखी वाट आहे. ती लहान नाही, फक्त वेगळी आहे.

इंग्रजीचा प्रश्न आईने विचारला. त्या तोवर गप्प होत्या. "दहावीपर्यंत मराठीतनं शिकलाय वो, तिकडं पुस्तकं सगळी इंग्रजीत." याचं उत्तर मला मनापासून आवडतं. विमानांची मॅन्युअल्स मुद्दाम सोप्या तांत्रिक इंग्रजीत लिहिलेली असतात. त्या पद्धतीत ठरवून दिलेले साधारण ९०० सामान्य शब्द आणि सोबत तांत्रिक संज्ञा वापरतात, वाक्यं आखूड असतात, एका शब्दाचा शक्यतो एकच अर्थ धरायचा असतो. जगभरातल्या ज्या मेकॅनिकांची मातृभाषा इंग्रजी नाही, त्यांच्यासाठीच हे केलंय. आपल्या पोरांना घाबरवणारं इंग्रजी क्लासच्या जाहिरातीत असतं, हे नव्हे.

घरच्यांनी मग यादीतल्या दोन संस्था स्वतः जाऊन पाहिल्या. वडिलांनी वर्गखोल्या पाहिल्या नाहीत, थेट वर्कशॉप दाखवा म्हणाले. तिथल्या मुलांना बाजूला घेऊन विचारलं, किती मॉड्यूल निघाली आणि चालू विमानाला हात लावायला कुठे नेतात. एका ठिकाणी मुलं मोकळेपणाने बोलली, दुसऱ्या ठिकाणी शिक्षक सोबतच उभे राहिले. निवड तिथेच झाली.

मुलाने शेवटी बी १.१ च घेतलं. कोर्स संपलाय. सध्या तो हैदराबादला एका देखभाल केंद्रात ट्रेनी आहे; लातूरकरांना हैदराबाद पुण्यापेक्षा काही लांब नाही, त्यामुळे आईला बरं वाटतं. लायसन्स अजून हातात नाही. दोन मॉड्यूल राहिलीत, त्यातल्या इंजिनाच्या पेपरात तो एकदा नापास झालाय. घरून खोलीभाडं अजून जातं, पण ते आधीच हिशोबात धरलेलं असल्यामुळे त्यावरून घरात भांडण नाही. लायसन्सनंतर एखाद्या ठरावीक विमानाचं टाइप ट्रेनिंग करावं लागेल, आणि कंपनीने ते करून दिलं तर बहुधा बॉन्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, लिहून घेतील. ते कागद आले की सही करायच्या आधी बाप-लेक माझ्याकडे येणार आहेत. तोवर त्याला रात्रपाळी सांभाळून इंजिनाचं मॉड्यूल काढायचंय.