टीव्ही जोडला की स्पीकर घुमतात

प्रश्न : टीव्हीची ऑडिओ वायर अ‍ॅम्प्लिफायरला लावल्यापासून स्पीकरमधून सतत 'हूंऽऽ' येतं. व्हॉल्यूम वाढवला की तेही वाढतं. काय करावं?

उत्तर : अ‍ॅम्प्लिफायरचा सेट बंद करून त्याच्या सगळ्या इनपुट वायरी काढा, मग चालू करा. तरी घुमला तर दोष आतला, बहुधा फिल्टर कपॅसिटरचा (वीजपुरवठ्यातले चढउतार सपाट करणारा भाग). सेट कारागिराकडे द्या. शांत झाला तर टीव्हीची अँटेना केबल काढून बघा. माझा संशय तिच्यावरच आहे. तिची जाळी (आतल्या तारेभोवतीचं धातूचं आवरण) एकीकडे अर्थ झालेली, म्हणजे जमिनीला जोडलेली असते, अ‍ॅम्प्लिफायर दुसरीकडे. दोन्हींतल्या किंचित व्होल्टेजच्या फरकामुळे ऑडिओ वायरच्या जाळीतून 50 किंवा 60 हर्ट्झचा प्रवाह वाहतो आणि तोच 'हूंऽऽ' म्हणून ऐकू येतो. अँटेना केबलवर आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन जाळीची जोडणी तोडणारा भाग) बसवा, किंवा आवाज ऑप्टिकल वायरने, म्हणजे विजेऐवजी प्रकाशाने न्या. प्लगची अर्थ पिन मात्र कधीही काढू नका. घुमणं थांबेल, पण आत वायर सुटून बॉडीला टेकली तर हात लावणाऱ्याला जिवघेणा शॉक बसेल.