लीचिंगचे तास वाढवू नका, आधी रोस्टिंग बघा

तुम्ही लिहिलंय की स्लॅगमध्ये (पोलाद बनवताना निघणाऱ्या मळीत) १२ टक्के व्हॅनेडियम पेंटॉक्साइड, म्हणजे व्हॅनेडियम धातूचं ऑक्साइड, आहे, सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) घालून ९५० डिग्रीला भाजला, तरी गरम पाण्यात निम्मं व्हॅनेडियमसुद्धा उतरलं नाही, मग लीचिंग (विरघळवून धातू बाहेर काढणं) अजून किती तास करू. तास वाढवून काही हाती लागणार नाही हो. रोस्टिंग, म्हणजे भाजणं, नीट झालं असेल तर सोडियम व्हॅनेडेट गरम पाण्यात भराभर विरघळतं, त्यामुळे अडचण भट्टीतच आहे.

कन्व्हर्टरच्या (वितळलेल्या लोखंडात ऑक्सिजन फुंकायच्या भट्टीच्या) स्लॅगमध्ये व्हॅनेडियम त्रिसंयुजी असतं, लोखंडाबरोबर स्पिनेल नावाच्या घट्ट ऑक्साइड स्फटिकात बसलेलं आणि वरून सिलिकेटचं वेष्टण, म्हणून नुसत्या पाण्याला ते दाद देत नाही. भाजताना हवेतल्या ऑक्सिजनने ते पंचसंयुजी व्हायला हवं आणि मग सोडियमशी जुळायला हवं. ९५० ला काय होतं, माल वितळायला लागतो, कणांवर काचेसारखा थर चढतो आणि आत हवाच पोचत नाही. भाजलेला एक गोळा फोडून बघा, आत काळा, चकचकीत, घट्ट दिसला तर हेच झालंय. ८०० च्या आसपास ठेवा, थर पातळ पसरा, मधूनमधून हलवत राहा. त्याआधी बारीक दळून चुंबकाने लोखंडाचे मणी काढून टाका, कारण ते जळताना स्वतःची उष्णता सोडतात आणि मीटर ८०० दाखवत असताना आत माल चिकटलेला असतो!

सोडा किती? हिशेबाने १ किलो स्लॅगमधल्या १२० ग्रॅम पेंटॉक्साइडला साधारण ७० ग्रॅम लागतो, थोडा सिलिका खातो म्हणून वर घालायचा, पण सढळ हाताने ओतलात तर सिलिका द्रावणात उतरते आणि गाळणं मुश्किल होतं.

आता मुख्य प्रश्न, चुना किती आहे? रिपोर्टमध्ये तो आकडा तुम्ही दिलाच नाहीये. चीनमधलं पानझिहुआ किंवा रशियातलं काचकानार, इथल्या टायटॅनोमॅग्नेटाइटपासून (टायटॅनियम असलेल्या लोहखनिजापासून) जो व्हॅनेडियम स्लॅग मिळतो तो चुना न घालता आधी वेगळा काढलेला असतो, म्हणून त्याला सोडा चालतो. साध्या स्टील स्लॅगमध्ये चुना भरपूर, मग कॅल्शियम व्हॅनेडेट बनतं आणि ते पाण्यात जवळपास उतरत नाही. याची चाचणी सोपी आहे: पाण्याने धुतलेला उरलेला गाळ पातळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये, पीएच ३ च्या आसपास, ढवळा. बरंच व्हॅनेडियम बाहेर आलं तर चुन्याचा दोष, नाही आलं तर ते अजून स्पिनेलमध्येच किंवा त्या काचेत अडकलंय. चुना जास्त निघाला तर सोड्याचा नाद सोडा, रशियातल्या तुला नावाच्या शहरात तर मुद्दाम चुना घालूनच भाजतात आणि ॲसिडने काढतात.

अजून एक, तुमचं अल्कलाइन द्रावण पिवळंधमक आहे म्हणताय. जास्त पीएचला व्हॅनेडेट रंगहीन असतं, तेव्हा हा पिवळा रंग क्रोमेटचा असण्याची शक्यता मोठी, म्हणजे सहा संयुजी क्रोमियम, कॅन्सरकारक. ते तपासल्याशिवाय अमोनियम क्लोराइड घालून व्हॅनेडियमचा साका पाडायला जाऊ नका आणि धुतलेलं पाणी गटारात तर अजिबात सोडू नका. पेंटॉक्साइडची धूळसुद्धा फुप्फुसाला वाईट, भाजलेला माल दळताना नीट बसणारा मास्क हवाच. चुना आणि क्रोमियमचे आकडे आले की इथे टाका, मग सोडा की ॲसिड ते बघू.