वाचकांचे प्रश्न : एका खोलीचे घर – भाड्याचे की स्वतःचे?

प्रश्न : आम्ही पतीपत्नी एका खोलीत भाड्याने राहतो. भाडे वाया जाते, त्यापेक्षा एवढेच घर विकत घ्या, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. काय करावे?

उत्तर : भाडे वाया जाते हे अर्धसत्य आहे, कारण 9 टक्के दराच्या 20 वर्षांच्या कर्जातही पहिल्या हप्त्याचा 80 टक्क्यांहून अधिक भाग निव्वळ व्याजाचा असतो; शिवाय दुरुस्ती आणि कर मालकाच्याच गळ्यात पडतात. मालकीचा खरा लाभ वेगळाच आहे. भिंतीत दुमडून बसणारा पलंग किंवा छतापर्यंतचे कपाट यांवाचून लहान घरात निभाव लागत नाही आणि भाड्याच्या भिंतीला तशी भोके पाडू देणारा घरमालक विरळाच; त्यातून मापात बेतलेले ते सामान पुढच्या घरात बसेलच असे नाही. मात्र मूल झाल्यास किंवा आईवडील राहायला आल्यास हीच खोली अपुरी पडते, आणि नोंदणी, दलाली वगैरे खर्च भरून निघण्याआधीच ती विकण्याची वेळ येते. निदान सात-आठ वर्षे दोघांचेच बिऱ्हाड राहणार असेल, तरच खरेदीचा विचार करावा, असे माझे मत आहे.