जुन्या शेकाच्या जागी नवीन गाठ

प्रश्न : आईला १२ वर्षांपूर्वी डाव्या बाजूला ब्रेस्ट कॅन्सर झालेला. ऑपरेशन, केमो आणि मग २५ शेक, म्हणजे रेडिएशन. आता गणेश चवथीपासून त्याच बाजूचा खांदा दुखतोय, आदोळीवर नारळ खवायला बसली की कळ येते, रात्री उठून बसते. गळ्याखालच्या हाडावर सुपारीएवढी कडक गाठ लागते. एक डॉक्टर म्हणतात शेकांनी हाड कमजोर झालंय, दुसरे म्हणतात जुनाच कॅन्सर हाडात आलाय. शेकांमुळे हाडाचा कॅन्सर होतो का हो?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : होतो, पण फार क्वचित, शेक घेतलेल्या शंभरात एकालाही नाही, त्यामुळे शेक घेतले हीच चूक झाली असं आईला अजिबात वाटू देऊ नका. दोन्ही डॉक्टर म्हणतात तसंही असू शकतं, पण ही तिसरी शक्यता तपासल्याशिवाय नुसत्या दुखण्याच्या गोळ्या घेत बसू नका. काहान नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये शेकांमुळे होणाऱ्या अशा कॅन्सरच्या खुणा सांगितल्या, थोड्या बदलून त्या आजही वापरतात. शेक लागले तिथेच गाठ, मध्ये बरीच वर्षं गेलेली, आणि गाठ जुन्या कॅन्सरपेक्षा वेगळ्या जातीची. पहिल्या दोन तुमच्याकडे जुळतात, तिसरी फक्त बायोप्सी सांगते.

आणि बायोप्सी कुठेही उरकू नका, हे कळकळीने सांगतो. सुई ज्या वाटेने आत जाते ती वाट पुढे ऑपरेशनमध्ये गाठीसोबत काढावी लागते, म्हणून जो सर्जन ऑपरेशन करणार त्यानेच जागा ठरवायची, तीही एमआरआय बघून. आधी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, दाखवा, त्यांनी परळला टाटात पाठवलं तर कोकणकन्येने लगेच निघा. सार्कोमा, म्हणजे हाडात किंवा मांसात सुरू होणारा कॅन्सर, निघाला तर छातीचा सीटी लागतोच, कारण हा कॅन्सर पसरला तर बहुतेकदा फुप्फुसात जातो.

उपचार म्हणजे केमो आणि आजूबाजूच्या चांगल्या भागासकट गाठ काढणं. अवघड आहे, खोटं सांगत नाही, पण पूर्ण निघाली तर बरे होणारे पेशंट आहेत. जुनी फाईल शोधाच, कारण तेव्हा लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन दिलं असेल तर हृदयासाठी त्याला आयुष्यभराची मर्यादा असते, आणि त्या जागी किती शेक बसलेत ते कळल्याशिवाय पुन्हा शेकांचा विचारही करता येत नाही.

खांद्याला तेल लावून चोळणं आजपासून बंद, असं हाड पटकन मोडू शकतं. नारळ घरातल्या दुसऱ्या कुणीतरी खवा.